लेकीला ऊन खा, बाबांना ऊन टाळा : डोळ्यांना नक्की हवंय काय?

भिंगरी (सोमवार, रात्री ११:४८)

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी घरातल्या दोघांचे डोळे तपासून आणले. लेक आठ वर्षांची, तिला उणे पाऊणचा नंबर निघाला. बाबा अडुसष्टचे, त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय. डॉक्टर एकच, खोली एकच. लेकीला म्हणाले, "रोज दोन तास घराबाहेर. खेळ, बस, काहीही कर, पण डोक्यावर छप्पर नको." पाचच मिनिटांनी बाबांना म्हणाले, "बाहेर पडताना टोपी आणि गॉगल. जन्मभर उन्हातान्हात काम केलंत, त्याचाही हातभार असू शकतो यात."

परत येताना लेकीनं विचारलं, "म्हणजे मी आत्ता ऊन खायचं आणि आजोबांएवढी झाले की त्याची शिक्षा भोगायची?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यात माझी तऱ्हा तिसरीच. दिवसभर ऑफिसात ट्यूबलाइटखाली आणि रात्री एक वाजेपर्यंत टक्क जागी. मैत्रीण म्हणते, सकाळचा उजेड डोळ्यांत जाऊ दे, झोप लागेल.

तर ऊन डोळ्यांना चांगलं की वाईट? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (कोटी आपोआप झाली, आता राहू दे.)

उंटावरचा_शहाणा (मंगळवार, सकाळी ७:०२)

टाकतो, पण गॉगल घालून वाचा.

वाटसरू (मंगळवार, सकाळी ७:३०)

आमच्या लहानपणी दिवे लागणीपर्यंत कोणी घरात सापडायचं नाही. वर्गात चाळीस मुलं आणि चष्मा एकाला, त्यालाही सगळे चिडवायचे. आता माझ्या नातवाच्या वर्गात चष्मा नसलेली मुलं मोजावी लागतात. हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत, जे दिसतंय ते सांगतोय. पोरांना बाहेर हाकला, चष्मे पळतील.

शंकासुर (मंगळवार, सकाळी ८:१५)

काका, तुमच्या वेळी चष्मा एकाला होता म्हणजे डोळे एकाचेच तपासले होते. बाकीचे फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत होते आणि 'ढ' म्हणून मार खात होते. मी त्यातलाच. बारावीनंतर पहिल्यांदा चष्मा लागला तेव्हा कळलं की झाडाला सुटी सुटी पानं असतात.

वाटसरू (मंगळवार, सकाळी ८:४०)

हे मात्र खरं. आमच्याकडेही एक 'ढ' होता. वाईट वाटलं वाचून.

नेत्रपल्लवी (मंगळवार, दुपारी १:१०)

चौदा वर्षं ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून नंबर काढणारी) म्हणून काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काकांचा अंदाज आणि शंकासुरांची शंका दोन्ही बरोबर आहेत. पूर्वी तपासण्या कमी होत्या हे खरंच, पण नंबर खरोखरही वाढलेत. अलास्काच्या उत्तर टोकाला तेव्हा बॅरो नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत १९६९ साली छापलेली एक पाहणी आहे. तिथल्या जुन्या पिढीतल्या १३१ जणांपैकी दोघांनाच लांबचं कमी दिसत होतं. शाळेत गेलेल्या त्यांच्या मुला-नातवंडांत मात्र निम्म्याहून जास्त जणांना. रक्त तेच, बदललं ते राहणं.

आता यंत्रणा. लहान मुलाचा डोळा वाढत असतो. तो किती लांब व्हायचा हे डोळ्यामागच्या पडद्यावर पडणारा उजेड आणि प्रतिमा ठरवतात. भरपूर उजेड मिळाला की पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि ते डोळ्याच्या लांबीला लगाम घालतं. लगाम सुटला की डोळा गरजेपेक्षा लांब होतो, प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते, झाला उणे नंबर. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे ढोबळमानाने अडीच-तीन नंबर. एकदा लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही, त्यामुळे 'नंबर घालवून देतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

भरपूर म्हणजे किती? वर्गात किंवा घरात ३०० ते ५०० लक्स (उजेडाचं माप) असतात. ढगाळ दिवशी बाहेर सहज १०,००० आणि टळटळीत उन्हात १,००,०००. आपल्याला हा फरक जाणवत नाही, कारण डोळा फार पटकन जुळवून घेतो. 'आमच्या घरात भरपूर उजेड आहे' असं प्रत्येक आईबाबा सांगतात. फोनमधल्या लक्समीटरने मोजून बघा. खिडकीपासून दोन-तीन पावलं आत आलात की आकडा कोसळतो.

आणि झाडाच्या सावलीतही काही हजार लक्स असतात. भिंगरी, मुलीला उन्हात तळायचं नाहीये. तिला उघड्यावर ठेवायचंय, एवढंच.

कुंपणावरची (मंगळवार, दुपारी १:२६)

शेवटच्या दोन वाक्यांत धाग्याचं उत्तर आलं की. कुलूप लावा आता.

उंटावरचा_शहाणा (मंगळवार, दुपारी १:३०)

पाचव्या प्रतिसादात उत्तर मिळालेला धागा कधी थांबलेला पाहिलाय का?

शंकासुर (मंगळवार, दुपारी ४:०५)

थांबू देणार नाही. बाहेर खेळणारं मूल तेवढा वेळ पुस्तकात डोकं घालत नाही. मग गुण उजेडाचा की पुस्तक बाजूला ठेवल्याचा? शिवाय ज्यांना नीट दिसत नाही तीच मुलं खेळ टाळून घरात बसत असतील. मी टाळायचो. चेंडू नाकावर आपटेपर्यंत दिसायचाच नाही. कार्य कुठलं आणि कारण कुठलं?

नेत्रपल्लवी (मंगळवार, रात्री ९:२०)

रास्त प्रश्न. पुस्तकाबद्दल आधी. सिडनी आणि सिंगापूरमधल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना २००८ मध्ये छापून आली. सिंगापुरात २९.१ टक्के मुलांना उणे नंबर, सिडनीत ३.३ टक्के. गंमत म्हणजे सिडनीची मुलं पुस्तकं जास्त वाचत होती. ठळक फरक बाहेरच्या वेळात होता : सिडनीत आठवड्याला १३.७५ तास, सिंगापुरात ३.०५.

पण ती झाली पाहणी. कारण शोधायचं तर प्रयोग हवा. तो ग्वांगझूमध्ये झाला. १२ प्राथमिक शाळा, पहिलीतली मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निम्म्या शाळा निवडल्या आणि तिथे रोज ४० मिनिटांचा एक तास उघड्यावर वाढवला. तीन वर्षांनी या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नवा नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. २०१५ साली निष्कर्ष छापले गेले.

शंकासुर (मंगळवार, रात्री ९:४१)

म्हणजे बाहेर जाऊनही शंभरातल्या तिसांना लागलाच. वाटसरूकाकांचे 'चष्मे पळतील' जरा मागे घेऊ या.

नेत्रपल्लवी (मंगळवार, रात्री ९:५०)

घेऊ या. चाळीस मिनिटांत मिळाला तेवढाच फायदा. पण शंभरातल्या नऊ मुलांचा चष्मा निव्वळ मैदानावर सोडल्याने टळत असेल, निदान लांबत असेल, तर ते थोडं नाही. नंबर जितका उशिरा लागतो तितका शेवटी कमी राहतो. आणि मोठा नंबर, म्हणजे उणे सहाच्या पुढचा, हा जाड काचेपुरता प्रश्न नसतो. ताणलेला पडदा पुढे सुटू शकतो.

सूर्यपुत्र (बुधवार, सकाळी ६:१४)

सर्व चर्चा वाचली. आधुनिक विज्ञान आता कुठे सूर्याकडे वळते आहे हे पाहून समाधान वाटले. मी गेली सहा वर्षे रोज उगवत्या सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी एकटक पाहतो. दहा सेकंदांपासून सुरुवात केली, आता बारा मिनिटे. माझा वाचनाचा चष्मा सुटला आहे. धागाकर्तीने कन्येलाही सवय लावावी. सूर्य कोणाचे वाईट करत नाही.

अर्धचंद्र (बुधवार, सकाळी ९:००)

भिंगरी, असलं काही करू नका. माझं ऐका.

मी अकरा वर्षांचा असताना सूर्यग्रहण होतं. शाळेला सुट्टी. आम्ही चार पोरांनी काचेचा तुकडा मेणबत्तीवर धरून काळा केला आणि आळीपाळीने बघितलं. इतरांना चटकन कंटाळा आला, मला नाही. दुखलं नाही, पाणी आलं नाही, काहीच नाही. पडद्याला वेदनाच नसते हे पुढे कळलं. दुसऱ्या दिवशी वाचताना ओळीतलं जे अक्षर बघावं तेच गायब. आजूबाजूची दिसतात, मधलं नाही. घरी मार बसेल म्हणून महिनाभर बोललो नाही.

काही अंशी सुधारलं. उजव्या डोळ्यात तो ठिपका अजून आहे, माझं वय आता सेहेचाळीस. समोरच्याच्या नाकाकडे उजव्या डोळ्याने बघितलं की नाक नसतं. बायको म्हणते, बरंय, तुला माझा राग दिसत नाही. हसतो आम्ही. पण सुईत दोरा मला आजतागायत ओवता आलेला नाही.

काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, एकावर एक घातलेले दोन गॉगल, सगळं कुचकामी. उजेड कमी होतो म्हणून आपण जास्त वेळ बघतो, आणि न दिसणारे किरण आत जातच राहतात. ग्रहण बघायचं तर आयएसओ १२३१२-२ मानकाचे चष्मे, नाहीतर पुठ्ठ्याला भोक पाडून कवडसा. झाडाखालच्या प्रत्येक कवडशात ग्रहण लागलेलं दिसतं. ते बघायला मान वर करावीच लागत नाही.

नेत्रपल्लवी (बुधवार, सकाळी ९:३५)

अर्धचंद्र, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमचा प्रतिसाद चर्चेत सर्वात वर चिकटवायला हवा.

सूर्यपुत्र, वाचनाचा चष्मा सुटण्याचं एक साधं कारण मला नेहमी दिसतं. मोतीबिंदूच्या सुरुवातीला भिंगाचा नंबर उणेकडे सरकतो आणि काही काळ जवळचं वाचता येऊ लागतं. त्याला 'सेकंड साइट' म्हणतात आणि ती शुभवार्ता नसते. तुमचंही तेच असेल असं मी म्हणत नाही. पण बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. क्षितिजावरचा सूर्य सौम्य असतो हे खरं. तो वर येत जातो आणि बारा मिनिटांत पुष्कळ वर येतो.

सूर्यपुत्र (बुधवार, सकाळी १०:०२)

तपासणी करून घेण्यास माझी हरकत नाही. मत बदललेले नाही.

भिंगोजी (बुधवार, दुपारी १२:१५)

या पंथाचे एक सभासद आयझॅक न्यूटन. त्यांनी आरशातलं सूर्याचं प्रतिबिंब एका डोळ्याने बघून बघून असा प्रताप केला की कुठेही बघितलं तरी सूर्यच दिसायला लागला. शेवटी तीन दिवस अंधाऱ्या खोलीत कोंडून घेतलं. हे त्यांनीच १६९१ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉकला पत्रातून कळवलंय. बुद्धीचा आणि याचा काही संबंध नसतो हे सिद्ध.

आगाऊ_कार्टं (बुधवार, दुपारी १२:३०)

अवांतर : सावलीतून उन्हात आलं की मला शिंक येते. एक नाही, सलग तीन. ऑफिसातले म्हणतात नाटक करतो. आणखी कोणी आहे का?

कुंपणावरची (बुधवार, दुपारी १२:३३)

मी! मला दोनच येतात. नवऱ्याला पटत नाही.

चिमटा (बुधवार, दुपारी १२:४१)

+१. आईला, मला आणि माझ्या धाकटीला. बोगद्यातून गाडी बाहेर पडली की तिघींची जुगलबंदी.

भिंगोजी (बुधवार, दुपारी १:००)

नाटक नाही. फोटिक स्नीझ म्हणतात त्याला. पाचात एकाला तरी असतं आणि वारशाने येतं, एका पालकाला असेल तर मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. प्राचीन ग्रीकांना वाटायचं, उन्हाच्या उबेने नाकातला ओलावा हलतो. सतराव्या शतकात फ्रान्सिस बेकनने साधी युक्ती केली : डोळे मिटून उन्हात उभा राहिला. ऊब तीच, शिंक नाही. म्हणजे वाट डोळ्यांतून आहे. शास्त्रज्ञांनी या प्रकाराच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं अशी जुळवली की त्याचा उच्चार 'आच्छू' होतो. विज्ञानात अशीही माणसं असतात.

निशाचर (बुधवार, रात्री १:५५)

भिंगरीताईंचा तिसरा प्रश्न सगळे विसरले, म्हणून या अवेळी लिहितो. पाच वर्षं रात्रपाळी केली, त्यामुळे हा माझा हक्काचा विषय.

आपल्या पडद्यात दिसण्यासाठीच्या पेशी असतात तशा थोड्या वेगळ्या पेशीही असतात. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्या आकाशाच्या निळ्या उजेडाला सर्वात जास्त दाद देतात. त्यांचं मुख्य काम चित्र बघणं नाही. बाहेर दिवस आहे की रात्र एवढी वर्दी त्या मेंदूतल्या घड्याळाला देतात. २००२ च्या सुमारास हे पक्कं झालं. म्हणजे माणूस हजारो वर्षं डोळे वापरतोय आणि डोळ्याचं हे दुसरं काम परवा-परवा कळलं!

सकाळचा उजेड घड्याळ पुढे ओढतो, म्हणजे रात्री झोप लवकर येते. रात्रीचा उजेड ते मागे ढकलतो. ताईंचं दोन्ही बाजूंनी उलट चाललंय. दिवसा ४०० लक्स, रात्री तोंडासमोर स्क्रीन. मेंदूला दिवस उजाडल्यासारखाच वाटत नाही, मग मावळेल कधी? उठल्यावर तासाभरात अर्धा तास बाहेर चाला. सूर्याकडे बघायचं नाही, उजेडात असायचं. मला दहाएक दिवसांत फरक पडला. पाळी बदलली की पुन्हा बोंब, ते वेगळं.

शंकासुर (गुरुवार, सकाळी ७:४५)

अर्धा तास चाललात म्हणून झोप लागली असेल. दमलात म्हणून.

निशाचर (गुरुवार, सकाळी ७:५०)

तुम्ही झोपता का हो कधी?

स्पर्श (गुरुवार, सकाळी ११:२०)

हा मंच मी स्क्रीनरीडरवर ऐकते. शंकासुरांना माझ्याकडून एक उत्तर.

मला दृष्टी नाही. पाच वर्षांची असताना डोळ्यांतल्या गाठींमुळे दोन्ही डोळे काढावे लागले. दिसत नाही याची सवय लहानपणीच झाली. झोपेची झाली नाही. माझं घड्याळ रोज वीस-पंचवीस मिनिटं मागे पडत जायचं. या आठवड्यात रात्री अकराला झोप, दोन-अडीच आठवड्यांनी पहाटे पाचला, मग भर दुपारी, आणि फिरून पुन्हा अकराला. कॉलेजात परीक्षा 'चांगल्या आठवड्यात' आली तर पहिला वर्ग, नाहीतर पेपरवर डोकं टेकून झोप. मी रोज टेकडी चढायचे, दमायचे. दमून झोप लागायची ती दोन तासांची.

घरचे म्हणायचे, आळस. तिशीत एका डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट विचारलं आणि सांगितलं की शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून थोडं मोठं असतं आणि रोजचा उजेड ते जुळवून देतो. माझ्याकडे उजेड आत यायला दारच नाही. त्यांच्या सल्ल्याने ठरलेल्या वेळी मेलाटोनिन (शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक) घेते, आता बरंच जुळलंय.

माझ्या एका मैत्रिणीलाही दिसत नाही, पण तिचे डोळे जागेवर आहेत आणि झोप अगदी वेळेवर. निशाचर म्हणतात त्या पेशी तिच्यात शाबूत असाव्यात. तिला उजेड दिसत नाही, पण पोचतो. म्हणून दृष्टी गेलेल्या माणसाला 'तुला काय दिवस, काय रात्र' असं म्हणून अंधाऱ्या खोलीत बसवू नका, एवढी विनंती.

शंकासुर (गुरुवार, दुपारी १२:०५)

शंका मागे. सकाळी चालायला जातो उद्यापासून.

भिंगरी (गुरुवार, दुपारी १२:४०)

स्पर्श, दोनदा वाचलं. उजेड आपण फक्त बघण्यासाठी वापरतो असं मी आजवर गृहीत धरलं होतं.

तांबडं_फुटलं (गुरुवार, संध्याकाळी ६:१०)

सकाळी बाहेर पडणारच आहात तर कोवळं ऊन अंगावर घ्या, ड जीवनसत्त्वही मिळेल. एका दगडात दोन पक्षी.

नेत्रपल्लवी (गुरुवार, रात्री ८:३०)

हा पक्षी नेमका त्या दगडाने पडत नाही. ड जीवनसत्त्वासाठी त्वचेला अतिनील-ब किरण लागतात. सूर्य खाली असताना ते हवेच्या जाड थरातच अडकतात, म्हणून कोवळ्या उन्हात ते फार थोडे असतात. ओळखायची खूण : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण पुरेसे, लांब असेल तर नाही. काचेमागे बसूनही उपयोग नाही, काच हे किरण अडवते. आणि हे काम हातापायांच्या त्वचेचं आहे, डोळ्यांचं यात काहीच नाही. थोडी मिनिटं पुरतात, त्वचा लाल होईपर्यंत थांबायचं नाही.

भिंगरी, तुमच्या डॉक्टरांच्या बोलण्यात विरोध वाटला त्याची गोम इथे आहे. 'ऊन' या एका शब्दात आपण बऱ्याच गोष्टी भरतो. मुलीच्या डोळ्याला हवा तो दिसणारा उजेड. तुमच्या झोपेलाही तोच, फक्त सकाळी. बाबांच्या भिंगाला बाधणारे ते न दिसणारे अतिनील किरण. मुलीच्या टोपीने अतिनील बरेच अडतात, उजेड तरीही हजारो लक्स उरतो.

तांबडं_फुटलं (गुरुवार, रात्री ८:४४)

इतकी वर्षं सकाळी साडेसहाला उघड्या अंगाने बसतोय मी!!

उंटावरचा_शहाणा (गुरुवार, रात्री ८:४६)

शेजाऱ्यांना आज न्याय मिळाला.

साखळीवाला (शुक्रवार, सकाळी १०:१५)

जमीनमोजणीत पस्तीस वर्षं काढली. दोन्ही डोळ्यांत नाकाकडच्या बाजूने पांढऱ्यावर मांस वाढून बुबुळाकडे सरकलं, टेरिजियम. एक कापून काढलं, दुसऱ्यावर नजर ठेवून आहेत. म्हणून टोपी, अतिनील वगैरेबद्दल थोडं.

आम्ही दुपारी बारा ते दोन सावलीत थांबायचो आणि वाटायचं, जपलं डोळ्यांना. पण सूर्य डोक्यावर असतो तेव्हा भुवई आणि टोपी डोळ्यांवर आपोआप छप्पर धरतात. सकाळी नऊ-दहाला आणि दुपारी तीन-चारला तो समोरून तिरपा डोळ्यांत शिरतो. आम्ही नेमके तेव्हाच दुर्बिणीला डोळा लावून कामात. त्वचेचं घड्याळ वेगळं आणि डोळ्यांचं वेगळं, हे निवृत्तीनंतर कळलं.

अमेरिकेत चेसापीक उपसागरातल्या ८३८ दर्यावर्दी कामगारांची पाहणी १९८८ साली छापून आली होती, त्यात अतिनील-ब आणि एका प्रकारच्या मोतीबिंदूचा संबंध दिसला. पाण्यावर वरून येतं तसं खालूनही येतं. भिंगरीताई, बाबांना सांगा, काठ असलेली टोपी अर्धं काम करते, पण खालून येणाऱ्याला टोपी अडवत नाही, त्याला गॉगलच.

हिमांगी (शुक्रवार, दुपारी २:००)

'खालून येणाऱ्या'साठी माझे दोन शब्द. बर्फातल्या पहिल्याच मोहिमेत ढग होते म्हणून गॉगल सॅकमध्ये. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील परत फेकतो, आणि दर हजार मीटर चढलं की त्यांचा मारा दहाएक टक्क्यांनी वाढतो. दिवसभर काही झालं नाही. रात्री तंबूत डोळ्यांत कोणी मूठभर वाळू चोळावी तसं. दोन दिवस पट्टी बांधून पडून होते, स्वयंपाकाच्या वासावरून वेळ ओळखायची. बरं झालं पूर्ण, बुबुळाची वरची साल पुन्हा येते. बर्फाळ प्रदेशातले इन्युइट लोक हाडाला किंवा लाकडाला बारीक आडवी फट पाडून चष्मा करायचे. काच नाही, काही नाही, आणि माझ्यापेक्षा शहाणे.

चिमटा (शुक्रवार, दुपारी २:३०)

गॉगल जितका काळा तितका चांगला ना? मुलीसाठी घेणार आहे.

नेत्रपल्लवी (शुक्रवार, दुपारी ४:१५)

उलट. गडद काच असून अतिनील अडवत नसेल तर गॉगल न घातलेला बरा. अंधार झाला म्हणून बाहुली मोठी होते आणि तेच किरण जास्त आत येतात. 'यूव्ही ४००' ही अतिनील अडवण्याची खूण बघा. अतिनील अडवणारा थर रंगहीनही असू शकतो. 'पोलराइज्ड' म्हणजे फक्त चकाकी कमी, अतिनीलची हमी नाही. दुकानात मीटर असेल तर काच तपासून मागा, दोन मिनिटं लागतात. सर्वात गडद, चौथ्या श्रेणीच्या काचा गाडी चालवताना चालत नाहीत.

भिंगरी, बाबांची शस्त्रक्रिया झाली की आत बसवतात त्या भिंगातच सहसा अतिनील गाळणी असते. आणि त्यांना सगळं निळं-निळं वाटलं तर घाबरू नका. पिकलेलं भिंग पिवळं असतं, ते निघालं की निळा परत येतो. चित्रकार मोने यांचं ऑपरेशन १९२३ साली झालं तेव्हा त्यांनी रंगांवरून घर डोक्यावर घेतलं होतं.

भिंगरी (तीन महिन्यांनंतर, रविवार, सकाळी ८:२०)

धागा वर काढतेय, कारण हिशोब द्यायचा राहिला.

लेकीचे दोन तास एकदम जमत नाहीत. शाळेआधी वीस मिनिटं, मधल्या सुट्टीत बाहेर (वर्गशिक्षिकेला विनंती केली), आणि संध्याकाळचा गृहपाठ गच्चीत, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. लक्समीटरने मोजलं : गच्चीत सावलीत ६,२००, तिच्या अभ्यासाच्या टेबलावर २१०. हा आकडा दाखवल्यावर घरातला वाद संपला. माझी सकाळची फेरी आठवड्यातून चार-पाच दिवस होते. साडेअकराला जांभया सुरू. एक वाजता मला शोधू नका.

नेत्रपल्लवी (रविवार, सकाळी ९:०५)

छान! फक्त एक पाणी ओतते. बाहेरचा उजेड नंबर लागू न देण्यात जेवढा उपयोगी, तेवढा लागलेला नंबर थोपवण्यात नाही. बाहेर राहणं चालूच ठेवा, पण त्या भरवशावर तपासणी चुकवू नका. सहा महिन्यांनी डोळ्याची लांबी मोजून घ्या. वाढत असेल तर कमी मात्रेचे ॲट्रोपिनचे थेंब आणि खास काचा आहेत, डॉक्टरांशी बोला.

सूर्यपुत्र (रविवार, सकाळी ९:३०)

तपासणी केली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात सांगितली आहे. पडदा ठीक आहे. सध्या पाहणे बंद ठेवले आहे. सूर्याकडे पाठ करून बसतो.

अर्धचंद्र (रविवार, सकाळी ९:४२)

मनापासून बरं वाटलं.

कुंपणावरची (रविवार, सकाळी १०:१०)

आणि आजोबांचा गॉगल?

भिंगरी (रविवार, सकाळी १०:२५)

घेतला. यूव्ही ४००, मीटरवर तपासून, काठाची टोपीसुद्धा. सध्या दोन्ही नात वापरते. बाबा म्हणतात, माझं व्हायचं ते झालं, तिचे डोळे नवे आहेत. आता गॉगल लावून ती त्यांना गच्चीत पाढे म्हणून दाखवते आणि ते डोळे बारीक करून ऐकतात. दुसरा जोड आणायला संध्याकाळी निघतोय.